लुकाचा खटला

बास्केटबॉलचे आणि माझे नाते म्हणाल, तर आमच्या शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात एक गंजलेले कडे होते, तेवढेच. त्या कड्याला जाळी लागलेली मी कधी पाहिली नाही. चौतीस वर्षे मी गणित शिकवले. मधली पाच वर्षे खेळाचा तासही माझ्या गळ्यात पडला होता. पण तेव्हाही आमची मजल लंगडी, खोखो आणि कबड्डीच्या पुढे गेली नाही. असा मी एका बास्केटबॉलपटूच्या पोटाच्या घेराविषयी लिहायला बसलो आहे, हे कळल्यावर आमचे जुने विद्यार्थी खो खो हसतील. हसोत बापडे! पण त्या पोटाच्या घेराने आमच्या घरात जे रामायण घडवले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही उभयता चिरंजीवांकडे अमेरिकेत गेलो. टेक्सासमधल्या डॅलस शहराच्या उत्तरेला प्लेनो नावाचे गाव आहे. तिथे त्यांचे बिऱ्हाड. १ फेब्रुवारी २०२५, शनिवार. रथसप्तमी तीन दिवसांवर आलेली, म्हणून सूनबाईंनी हळदीकुंकू उरकून घेतले होते. बायका गेल्या, पण दोन मराठी कुटुंबे गप्पांत रेंगाळली होती. रात्रीचे अकरा वाजून गेले असतील. एवढ्यात आमचा तेरा वर्षांचा नातू जिन्यावरून धडधडत खाली आला आणि ओरडला, "बाबा, लुकाला देऊन टाकला!"

मला क्षणभर वाटले, शेजाऱ्यांनी कुत्रा कोणाला दिला की काय! पण चिरंजीवांचा चेहरा पाहिला आणि गप्प बसलो. बातमी देणाऱ्या पत्रकाराच्या नावावर कोणीतरी चावटपणा केला असावा, असे त्या रात्री पुष्कळ लोकांना वाटले. चावटपणा नव्हता. डॅलस मॅव्हरिक्स संघाने आपला पंचविशीतला सर्वोत्तम खेळाडू लुका डॉन्चिच लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाला देऊन टाकला होता आणि बदल्यात मुख्यत्वे अँथनी डेव्हिस हा एकतीस वर्षांचा खेळाडू घेतला होता.

हा लुका कोण, हे मला नातवाने शिकवले. १९९९ साली स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना शहरात त्याचा जन्म. तेराव्या वर्षी घर सोडून तो माद्रिदला गेला, सोळाव्या वर्षी रेआल माद्रिदच्या मोठ्या संघातून खेळला. २०१८ साली डॅलसला आला. २०२० ते २०२४ अशी सलग पाच वर्षे साऱ्या लीगमधल्या निवडक पाच खेळाडूंत त्याचे नाव होते. २६ जानेवारी २०२४ रोजी अटलांटाविरुद्ध त्याने एकट्याने ७३ गुण केले. त्याच वर्षी त्याने डॅलसला अंतिम मालिकेपर्यंत नेले; तिथे मात्र बोस्टनने ४-१ असा पराभव केला.

"आजोबा, तो माझ्याएवढा असताना घर सोडून गेला," हे वाक्य नातवाने मला किती वेळा ऐकवले असेल, देव जाणे. नातू त्याचा एवढा भक्त का, याचे आणखी एक कारण होते. ते तो बोलत नसे, पण मला दिसत होते. आमचा नातू अंगाने भरलेला आहे. आणि लुकाही, साडेसहा फुटांहून उंच असला तरी, चित्रातल्या खेळाडूसारखा सडसडीत कधीच नव्हता.

तर त्या रात्री, तिळगुळाच्या ताटाभोवती, खटला उभा राहिला.

फिर्यादी पक्षाचे वकील आमचे चिरंजीव. ते म्हणाले, "बरे झाले! कोट्यवधी डॉलर घ्यायचे आणि अंग राखायचे नाही, म्हणजे काय? ख्रिसमसच्या दिवशी पोटरी दुखावली तेव्हापासून घरीच बसलाय. बचावाला उभा राहिला, की समोरचा त्याला वळसा घालून जातो. आणि स्वतःचा नेम चुकला, की पंचांशी हुज्जत!"

यात खोटे काही नव्हते. २०२४ च्या अंतिम मालिकेतल्या तिसऱ्या सामन्यात, डॅलस हातघाईवर आलेले असताना, सहा नियमभंग होऊन लुका बाहेर गेला होता. त्या लीगमध्ये सहावा नियमभंग म्हणजे घरचा रस्ता. पंचांकडे हात पसरून गाऱ्हाणे करणारा लुका साऱ्या जगाने पाहिला होता. वजनाविषयी तर त्याने स्वतःच २०२१ च्या डिसेंबरात कबुली दिली होती की, ऑलिंपिकनंतर तीन आठवडे विश्रांती घेतली आणि ती जरा जास्तच झाली.

बचाव पक्षाच्या वकील आमच्या सूनबाईंच्या मैत्रीण. बाई हाडाच्या डॅलसकर. त्या म्हणाल्या, "७३ गुण केले तेव्हा कोणी त्याला काट्यावर उभे केले होते का? अंतिम मालिकेत नेले तेव्हा त्याचे पोट कोणाला दिसले नाही. द्यायचा ठरवला, मग दिसले!"

त्यांचे यजमान संगणकात काम करणारे, हिशोबी. ते म्हणाले, "पोटाचे नाही हो, पैशाचे आहे. उन्हाळ्यात त्याच्याशी पाच वर्षांचा करार करावा लागला असता. सुमारे ३४५ दशलक्ष डॉलर! दुखऱ्या पोटरीवर एवढे पैसे कोण लावील?"

मी शिक्षकी सवयीने विचारले, "पण अरे, जाडा आहे, पळत नाही, मग गुण करतो कसे?" तेव्हा हेच गृहस्थ उत्साहाने उठले आणि दिवाणखान्यात प्रात्यक्षिक दाखवू लागले. लुकाचे बळ पळण्यात नाही, थांबण्यात आहे. अंगावर धावत येता येता तो एकदम थबकतो. बचाव करणारा पुढे वाहत जातो आणि तेवढ्या हातभर मोकळ्या जागेतून लुका नेम साधतो. खेळाडूंच्या हालचाली यंत्रांनी मोजणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेलाही वेग आवरण्याची त्याची ताकद असामान्य आढळली होती. म्हणजे गाडीचे इंजिन बेताचे, पण ब्रेक अव्वल! प्रात्यक्षिकात हळदीकुंकवाचा करंडा लवंडला, तेव्हा वर्ग सुटला.

मंडळी दारापर्यंत गेली तेव्हा चिरंजीव समारोपाचे बोलले, "शेवटी काय, जाडेपणा हा आळसाचाच दाखला असतो." बोलले ते लुकाविषयी. पण मी सहज मागे पाहिले. नातवाने हातातला अर्धा खाल्लेला तिळाचा लाडू हळूच ताटात परत ठेवला आणि तो वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी डॅलसमध्ये सुतक होते म्हणा ना! एकवीस हंगाम याच एका संघातून खेळलेल्या डर्क नोविट्स्कीचा पुतळा क्रीडागृहाबाहेर आहे. त्याच्यापाशी लोकांनी चक्क शवपेटी आणून ठेवली. व्यवस्थापक निको हॅरिसन यांनी 'बचावानेच अजिंक्यपद मिळते' असे कारण दिले. पुढे संघाच्या मालकांनी कष्टाळू थोरांची उदाहरणे दिली आणि त्यांत शकील ओनीलचे नाव घेतले. त्यावर सारे डॅलस हसले. कारण हंगामाला अंग सुटून येण्याबद्दल ओनीलसारखी ख्याती दुसऱ्या कोणाची नसेल! आणि दैवाचा फेरा पाहा: ८ फेब्रुवारीला डेव्हिस डॅलसकडून पहिला सामना खेळला, सुंदर खेळला, आणि त्याच सामन्यात दुखापत होऊन सहा आठवडे घरी बसला. त्याच्या कंबरेवर तर चरबीचा अंशही नव्हता.

आमच्या घरात मात्र वेगळीच चिंता सुरू झाली. नातू जेवेनासा झाला. शाळेचा डबा परत येई. घरापुढच्या गाडीवाटेवर चिरंजीवांनी हौसेने बास्केटबॉलचे कडे उभारून दिले होते; तिकडे तो फिरकेना. एका संध्याकाळी मी त्याला गाठले. तो म्हणाला, "आजोबा, जाडा माणूस आळशीच असतो का?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही, कारण त्याचे एक जुने उत्तर माझ्या स्वतःच्या अक्षरात कुठेतरी पडलेले आहे. खेळाचा तास माझ्याकडे असताना सातवीत असाच एक गुबगुबीत मुलगा होता. धावताना सगळ्यांच्या मागे राही. वर्षाखेरीस त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी लाल शाईने लिहिले, 'आळशी. वजन कमी करावे.' शेरा चटपटीत झाला म्हणून शिक्षकांच्या खोलीत वाचूनही दाखवला. पुढच्या वर्षी तो मुलगा खेळाच्या तासाला आलाच नाही. दर आठवड्याला घरून चिठ्ठी आणी आणि वर्गात एकटा बसून राही. मी चिठ्ठ्या ठेवून घेतल्या. तो का येत नाही, हे एकदाही विचारले नाही. सोपे होते ते. वजन कसे कमी करावे, हे मी त्याला सांगितले नव्हते, आणि त्याच्याबरोबर मैदानाची एक फेरीही मारली नव्हती.

मी नातवाला एवढेच म्हटले, "मला ठाऊक नाही रे. पण उद्या सकाळी माझ्याबरोबर फिरायला चल."

त्या फिरण्यात आम्हाला शेजारचे एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ रोज भेटत. त्यांच्यापुढेही नातवाने तोच प्रश्न टाकला. (भाषांतरही त्यानेच केले.) म्हातारबांनी चार्ल्स बार्कलीची गोष्ट सांगितली. ही गोष्ट बार्कलीने स्वतःच अनेकदा सांगितलेली आहे. १९८४ साली तो फिलाडेल्फियाच्या संघात आला तेव्हा त्याचे वजन तीनशे पौंडांच्या घरात होते. त्याला खेळायला मिळेना. तेव्हा त्याने संघातल्या ज्येष्ठ मोझेस मलोनला कारण विचारले. मलोनने तोंडावर सांगितले, तू लठ्ठ आहेस आणि आळशी आहेस. बार्कली रडला. पण मलोन तेवढे सांगून निघून गेला नाही. आधी दहा पौंड उतरव, मग आणखी दहा, असे करत त्याने स्वतः सरावाला बरोबर घेऊन त्याचे वजन उतरवले. १९८६-८७ च्या हंगामात कड्यावरून उसळलेले चेंडू झेलण्यात त्या बुटक्या बार्कलीने साऱ्या लीगमधल्या ताडमाडांना मागे टाकले. १९९३ साली तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

शब्द तेच होते. मलोनचेही तेच आणि माझ्या लाल शाईचेही तेच. पण मलोन त्याच्याबरोबर सरावाला हजर होता.

ही गोष्ट मी चिरंजीवांना सांगितली, आणि नातवाच्या परत आलेल्या लाडवाचीही. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबा, मी लुकाबद्दल बोलत होतो." मी म्हटले, "मीही त्या मुलाच्या फक्त पळण्याबद्दलच लिहिले होते." दुसऱ्या दिवसापासून ते कचेरीतून तासभर लवकर येऊ लागले. गाडीवाटेवर चेंडूचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. पहिल्या आठवड्यात दम लागून बसले ते चिरंजीव, नातू नव्हे!

९ एप्रिलला लुका पाहुण्या संघाबरोबर डॅलसला आला. प्रत्येक आसनावर 'धन्यवाद' अशा अर्थाचे स्लोव्हेनियन शब्द छापलेला सदरा ठेवला होता. त्याच्या जुन्या खेळाची चित्रफीत लावली, तेव्हा तो आडदांड गडी टॉवेलात तोंड खुपसून रडला. मग उठून त्याने ४५ गुण केले आणि सामना जिंकून गेला. प्रेक्षक आपल्याच संघाविरुद्ध त्याला टाळ्या देत होते. चिरंजीव हळूच म्हणाले, "ज्याला खेळाची पर्वा नाही, तो असा रडत नाही."

मे महिन्यात आम्ही परतलो. खटल्याचा पुढला भाग फोनवर ऐकला. त्या उन्हाळ्यात लुकाने गोड कमी केले, खाण्याच्या वेळा बांधून घेतल्या, दोन वेळचा व्यायाम धरला आणि तो ओळखू न येण्याइतका बारीक झाला. सप्टेंबरात युरोपीय स्पर्धेत जर्मनीविरुद्ध ३९ गुण केले (स्लोव्हेनिया हरले, तो भाग निराळा), आणि ऑक्टोबरात लेकर्सच्या पहिल्याच सामन्यात ४३. चिरंजीव म्हणाले, "बघा, वजन उतरवता येत होते; म्हणजे आमचे म्हणणे खरे." नातू मागून ओरडला, "म्हणजेच तो आळशी नव्हता!" ११ नोव्हेंबर २०२५ रोजी डॅलसने हॅरिसन यांना कामावरून दूर केले, तेव्हाही दोघांचे एकमत झाले नाही.

मी निकाल देणार नाही. लुकाचे वजन वाढले होते हे खरे, आणि अंग राखणे हे खेळाडूचे कामच आहे, हेही खरे. पण वाढलेल्या वजनावरून माणसाचे मन वाचता येते, असे मी पूर्वी समजत होतो. आता समजत नाही. त्या सातवीतल्या मुलाची क्षमा मागायची राहून गेली आहे. तो कुठे असेल, मला ठाऊक नाही. हा अंक त्याच्या घरी जात असला, तर ही चार अक्षरे त्याच्यासाठीही आहेत.

परवाच प्लेनोहून फोन आला. नातू अजून भरलेलाच आहे. शाळेच्या संघात त्याची निवड काही झालेली नाही. पण रोज संध्याकाळी बापलेक खेळतात. फराळाच्या डब्यात काय पाठवू, असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, तर म्हणाला, "आजी, बेसनाचे लाडू पाठव. दोनच खाईन."

मी सौभाग्यवतींना म्हटले, डबा भरूनच पाठव.