कामगार टिकत नाही? आधी हिशोबाची वही उघडा

धुळे–सोलापूर महामार्गावरून पाटोदा आणि केजकडे जायचं तर मांजरसुंब्याचा चौक लागतो. अशा चौकात चहाची हॉटेलं, ढाबे, गॅरेज, पंक्चरची दुकानं यांवर कितीतरी घरं चालतात. धंदा दोन-चार माणसांचा. मालकाची तक्रार ठरलेली: पोरं मन लावून काम करत नाहीत, न सांगता खाडे करतात. यामागे आळसच असतो का?

पहिलं कारण उचल. बीड जिल्ह्याला हा शब्द नवा नाही. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून आधी पैसे घेतं आणि मग हंगामभर ते फेडतं. हॉटेल-गॅरेजातही तेच होतं. लग्न, आजारपण यासाठी मालक मदत म्हणून रक्कम देतो, पण ती कशी फिटणार हे ठरत नाही. महिनाभर राबूनही हातात काही पडत नसेल तर माणसाचा हात आपोआप जड होतो. शेवटी तो काम सोडतो, मालकाचे पैसेही बुडतात.

दुसरं, कामाचे तास. महामार्ग रात्रभर चालतो, माणूस चालू शकत नाही. झोप अपुरी असेल तर नट सैल राहतो, तेलाने हात भाजतो. रमजानमध्ये रोजेदाराला भट्टीवरून काही तास हलवलं तरी फरक पडतो.

तिसरं, शिकवणं आणि बोलणं. उस्ताद नीट दाखवत नाही आणि चुकलं की गिऱ्हाइकासमोर शिव्या देतो. असा पोरगा पुढच्या वेळी चूक लपवतो.

मग करायचं काय? हजेरी आणि उचल दोघांच्या वहीत लिहा. दरमहा किती कापायचं ते आधीच ठरवा, घरखर्चापुरते पैसे हातात राहू द्या. आठवड्याची सुट्टी पक्की करा. १८ ते ७० वयाच्या कामगाराचं बँकेत खातं असेल तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. ते २० रुपये मालकाने भरावेत. ई-श्रम नोंदणी तर मोफत आहे.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती दुकानाच्या वहीतही दिसली पाहिजे.