तलावांचे आरोग्य – लेखांक ६ : पवईचे पाणी आणि पाण्याकाठचा विरंगुळा

पवई तलाव १८९० मध्ये बांधून झाला तो मुंबईची तहान भागवण्यासाठी. टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागी बांध घालून मिठी नदीच्या खोऱ्यातले पाणी अडवण्यात आले. महापालिकेच्या नोंदीनुसार तलावाचे पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर, पूर्ण भरल्यावरचा पसारा २.२३ चौरस किलोमीटर आणि साठवणक्षमता सुमारे ५४५ कोटी लिटर आहे. सांडव्यावरून वाहणारे पाणी मिठीत जाते. पाण्याचा दर्जा पिण्याजोगा नसल्याने पुढे ते नळाला देणे थांबले. आता ते औद्योगिक कामांसाठी आणि आरे दुग्ध वसाहतीसाठी वापरले जाते. उपनगरातल्या माणसांसाठी मात्र पवई हे मुख्यतः विरंगुळ्याचे ठिकाण आहे. फेरफटका मारणारे, गळ टाकून बसणारे, पक्षी पाहणारे आणि गणपती विसर्जनाला येणारे असे सगळेच तिथे येतात. त्यामुळे पाणी स्वच्छ आहे का, या प्रश्नाआधी ते कशासाठी स्वच्छ हवे, हे ठरवावे लागते.

करमणुकीचे पाण्याशी तीन प्रकारचे नाते असते. पोहताना पाणी नाकातोंडात जाते. होडी चालवताना किंवा मासे धरताना हातपाय भिजतात. काठावर चालणाऱ्याला पाण्याचा स्पर्श होत नाही, तरी वास आणि डास त्याच्यापर्यंत पोचतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. उघड्यावर अंघोळ करण्याजोग्या ‘ब’ वर्गात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम, जैविक ऑक्सिजन मागणी ३ मिलिग्रॅमपर्यंत, सामू ६.५ ते ८.५ आणि एकूण कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावे लागतात. मासे आणि वन्यजीवांसाठीच्या ‘ड’ वर्गात ऑक्सिजन किमान ४ मिलिग्रॅम हवा.

यातला प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट सांगतो. पाण्यातला सेंद्रिय कचरा कुजवताना जिवाणू जो ऑक्सिजन खर्च करतात, त्याचे माप म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणी. कोलिफॉर्म जिवाणू बहुधा स्वतः रोग करत नाहीत. पण त्यांचा विष्ठेतून येणारा गट मोठ्या संख्येने सापडला, तर पाण्यात मैला मिसळतो आहे हे कळते, आणि मैल्याबरोबर कावीळ, विषमज्वर, हगवण यांचे जंतू येऊ शकतात. दिसायला नितळ असलेले पाणी या कसोटीवर नापास होऊ शकते.

मैलापाण्याबरोबर तलावात नायट्रोजन आणि फॉस्फरसही उतरतात. शेतात पिकाला जे खत लागते तेच हे घटक. तलावात त्यांवर शेवाळ आणि पाणवनस्पती पोसल्या जातात. या प्रक्रियेला सुपोषण म्हणतात. महापालिकेने अलीकडच्या योजनांत दिलेल्या अंदाजानुसार पवईत रोज सुमारे १ कोटी ८० लाख लिटर सांडपाणी येते. या हिशेबाने सुमारे तीनशे दिवसांत पूर्ण भरलेल्या तलावाएवढे सांडपाणी आत येते.

सुपोषित तलावात ऑक्सिजन दिवसभर एकसारखा राहत नाही. उन्हात शेवाळ प्रकाशसंश्लेषण करते आणि दुपारी ऑक्सिजन भरपूर वाढतो. रात्री हेच शेवाळ श्वसन करते, तळाशी कुजणेही चालूच असते, आणि पहाटे ऑक्सिजन सर्वांत खाली जातो. अशा वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करताना दिसतात, कारण हवेला लागून असलेल्या पातळ थरातच थोडाफार ऑक्सिजन उरलेला असतो. सलग ढगाळ हवामान असेल किंवा पहिल्या जोरदार सरीने नाल्यातली घाण एकदम आत लोटली, तर सकाळी मेलेले मासे काठाला लागतात. म्हणून फक्त दुपारी घेतलेला नमुना फसवा ठरतो. पहाटेचा नमुना घेतल्याशिवाय तलावाची खरी स्थिती कळत नाही.

पाण्याची पारदर्शकता मोजण्याचे साधन साधे आहे. इटालियन शास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये ते वापरात आणले. तलावांसाठी आज वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांत रंगवलेली तबकडी वापरतात. खुणा केलेल्या दोरीला बांधून ती होडीच्या सावलीतल्या बाजूने खाली सोडतात. ती दिसेनाशी होते ती खोली टिपतात, मग वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली टिपतात आणि दोहोंची सरासरी काढतात. शेवाळ किंवा गाळ जितका जास्त, तितकी ही खोली कमी.

सगळे शेवाळ सारखे नसते. मायक्रोसिस्टिससारखे नील-हरित जिवाणू उन्हाळ्यात हिरव्या रंगासारखी दाट साय धरतात आणि त्यांतले काही यकृताला घातक विष तयार करतात. जागतिक आरोग्य संघटनेने करमणुकीच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन या विषाची मर्यादा लिटरमागे २४ मायक्रोग्रॅम धरली आहे. पाणी उकळल्याने हे विष नाहीसे होत नाही. अशी साय दिसली की माणसांना आणि कुत्र्यांना पाण्यापासून दूर ठेवणे हाच शहाणपणाचा उपाय.

पवईत डोळ्यांना सर्वांत आधी दिसते ती जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल स्थितीत दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट पसरते. तिच्या गालिच्याखाली उजेड आणि हवा पोचत नाही, डासांना आसरा मिळतो, होडी अडते आणि गळ गुंततो. यंत्राने ती काढता येते, पण काढलेली जलपर्णी काठावरच टाकली, तर कुजून तिच्यातले पोषक घटक पावसाबरोबर पुन्हा तलावात उतरतात. ती पाणलोटाबाहेर नेली तरच काही उपयोग.

गळाने मासे पकडण्याची परंपरा पवईला जुनी आहे. हौशी मासेमारांची संघटना इथे रोहू, कटला, मृगळ या माशांची जोपासना करत आली आहे. पाणी खालावले की हे मासे मागे पडतात आणि कमी ऑक्सिजनवर तगणारी चिलापी वाढते. म्हणजे गळाला काय लागते, यावरूनही पाण्याची कल्पना येते. विसर्जनाचा परिणाम वेगळ्या प्रकारचा असतो. प्लास्टर ऑफ पॅरिस सहजी विरघळत नाही, ते तळाशी साचते, आणि काही रंगांतून जड धातू पाण्यात येतात. कृत्रिम तलाव आणि शाडूच्या मूर्ती यांमुळे हा भार कमी होतो.

पवईत मगरीही आहेत. त्यांना ऊन खायला आणि अंडी घालायला मातीचा उघडा, उतरता काठ लागतो. त्यामुळे पोहण्याचा विचार इथे पाणी शुद्ध झाल्यावरही करता येणार नाही. काठावरच्या बांधकामांचा प्रश्नही इथेच येतो. तलावाभोवती सायकल आणि पायी चालण्याच्या मार्गासाठी भराव घालण्याचे काम सुरू झाले होते. पाणथळ जागांच्या नियमांचा भंग झाल्याचे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ते बेकायदा ठरवले आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. काठाची शोभा वाढवल्याने पाणी सुधारत नाही. पाण्याचा निकाल नाल्याच्या तोंडाशी लागतो.

हे अमेरिकेतल्या सिएटल शहरालगतच्या लेक वॉशिंग्टनने दाखवून दिले आहे. १९५५ मध्ये तिथे ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हे शेवाळसदृश जिवाणू दिसले आणि वॉशिंग्टन विद्यापीठाचे डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी सरोवर बिघडत असल्याचा इशारा दिला. सरोवरात प्रक्रिया केलेलेच सांडपाणी येत होते, पण त्यात फॉस्फरस होता. १९५८ मध्ये मतदारांनी प्रादेशिक सांडपाणी यंत्रणेला मंजुरी दिली आणि १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी सरोवरातून वळवण्यात आले. १९६०च्या दशकात उन्हाळ्यात जेमतेम एक मीटर असलेली पारदर्शकता काही वर्षांतच तीन मीटरच्या आसपास गेली. १९७६ नंतर शेवाळ खाणारे डॅफ्निया हे सूक्ष्म प्राणी वाढल्यावर ती आणखी सुधारली.

पवईला इतक्या झपाट्याने गुण येणार नाही. लेक वॉशिंग्टनची कमाल खोली सुमारे ६५ मीटर आहे. पवईची सुमारे १२ मीटर, आणि बराच भाग त्याहून उथळ. उथळ तलावाच्या गाळात वर्षानुवर्षे साठलेला फॉस्फरस, तळाशी ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात येतो. बाहेरचे सांडपाणी थांबल्यावरही हे काही काळ चालू राहते. म्हणून उपायांना क्रम लागतो. आधी प्रत्येक नाल्याचे मैलापाणी अडवून प्रक्रियाकेंद्राकडे वळवायचे, मग साचलेला गाळ काढायचा, जलपर्णी काढून पाणलोटाबाहेर न्यायची आणि काठ मातीचा, झाडोऱ्याचा ठेवायचा. बरोबरीने पहाटेचा ऑक्सिजन, कोलिफॉर्म, फॉस्फरस आणि पारदर्शकता यांची वर्षभर नियमित मोजणी करून आकडे काठावरच्या फलकावर लावायला हवेत. गळ टाकायला किंवा लेकरांना घेऊन काठावर यायला निघालेल्या माणसाला त्या दिवशीचे पाणी कसे आहे, हे कळणे हा त्याचा हक्क आहे.