गाजर खाणारा गुप्तहेर

घरात खून पडलेला आणि प्रेक्षकाने हसायचे? १९८५ साली दूरदर्शनवर आलेली ‘करमचंद’ मालिका प्रथम पाहताना हाच प्रश्न पडतो. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयावर पोसलेल्या वाचकाला गुप्तहेर म्हणजे धीरगंभीर पुरुष! इथे मात्र काळा चष्मा लावलेला पंकज कपूर चक्क गाजर चावतो आणि भाबड्या किटीवर, म्हणजे सुश्मिता मुखर्जीवर, डाफरतो. दिग्दर्शक पंकज पराशर हे आपल्या पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. त्यांनी एक पथ्य पाळले आहे. हसू येते ते गुप्तहेराच्या तऱ्हांचे, मेलेल्या माणसाचे नव्हे. म्हणूनच आजी-नातवंडांनी शेजारी बसून ही मालिका खुशाल पाहावी. फक्त सावध असा, वाचकहो! हसण्याच्या नादात पुरावा निसटतो तो आपल्या नजरेतून, करमचंदच्या नव्हे.