शेक की बर्फ?

पाय मुरगळला की घरात दोन पक्ष पडतात. आजी तव्यावर फडकं गरम करायला घेते, तर नातू फ्रीजरमधला बर्फ काढतो. दुखापत ताजी असेल तर नातवाचं ऐकावं.

मुरगळल्यावर आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, तिथे रक्त आणि द्रव साचून सूज येते. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, मज्जातंतूंतून वेदनेचा संदेश सावकाश जातो आणि ठणका उतरतो. शेकाने रक्तपुरवठा वाढतो आणि त्याबरोबर सूजही. म्हणून पहिले 2 दिवस शेक नको, चोळणंही नको. बर्फ रुमालात गुंडाळून एका वेळी 10 ते 15 मिनिटं ठेवावा, थेट कातडीवर नाही. गोठलेल्या मटारची पिशवी घोट्यावर छान बसते!

मात्र बर्फाचंही स्तोम नको. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये रूढ केलं. पुढे त्यांनीच सांगितलं, की बर्फामुळे जखम भरून यायला उशीर होऊ शकतो. बर्फ वेदना कमी करतो, बरं करण्याचं काम शरीराचंच.

जुनाट कंबरदुखी, आखडलेली मान, सकाळी ताठरलेला गुडघा, पाळीतली पोटदुखी, इथे आजीचं बरोबर. उबेने स्नायू सैल पडतात, आणि शेकानंतर हलका व्यायाम केला तर तोही सोपा जातो. अपवाद एकच: सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल तर शेकू नये.

खरी भीती मधुमेहींची आहे. अनेक वर्षांच्या मधुमेहात पावलं बधिर होतात. गरम पिशवी पायाशी घेऊन झोपलेल्या माणसाला भाजल्याचं कळतच नाही. सकाळी फोड दिसतो, तो चिघळतो आणि कधी कधी बोट कापण्यापर्यंत वेळ येते. अशा पायांना शेकही नको आणि बर्फही नको. इतरांनीही पिशवीत उकळतं पाणी भरू नये, ती टॉवेलात गुंडाळावी आणि झोपण्याआधी बाजूला ठेवावी. वेदनाशामक मलम चोळून त्यावर शेक घेण्याची सवय तर सर्वांनीच सोडावी, त्याने कातडी भाजते.

पायावर भारच टाकता येत नसेल, तर शेक-बर्फाचा वाद बाजूला ठेवून आधी एक्स-रे काढावा. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.