ट्रान्समिशनच्या तापाचा काटा

अ‍ॅरिझोनातल्या बुलहेड सिटीहून गोल्डन व्हॅलीकडे जाणारा राज्यमार्ग 68 वाळवंटातून 11.4 मैल, म्हणजे सुमारे 18 किलोमीटर, चढत जातो. या चढाला ‘डेव्हिस डॅम ग्रेड’ म्हणतात. पिकअप ट्रकने किती वजन ओढावे हे ठरवणाऱ्या ‘एसएई जे-2807’ या मानकात याच चढाचा आधार घेतला आहे. हवा निदान 100 अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण चालू आणि मागे पूर्ण भरलेला ट्रेलर, अशी ती कसोटी. मानक 2008 मध्ये आले. त्याआधी बनलेले ट्रकही अशाच चढांवर ट्रेलर ओढत आले आहेत. त्यातल्या अनेकांच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या तापमानाचा काटा आहे, पण ट्रान्समिशनचा नाही.

1996 ते 2002 या काळातला डिझेल डॉज रॅम हे त्याचे नेमके उदाहरण. त्याचे 5.9 लिटरचे कमिन्स इंजिन आपल्याला परके नाही. त्याच बी-सिरीजची इंजिने टाटांच्या ट्रकांत बसली, आणि टाटा कमिन्सचा एक कारखाना आज फलटणला आहे. फरक आहे तो इंजिनाच्या मागे. आपल्या ट्रकात क्लच पायाने दाबून गिअर हाताने टाकायचा. ऑटोमॅटिक रॅममध्ये ‘47आरई’ हा चार गतींचा गिअरबॉक्स. क्रायस्लरने 1956 मध्ये आणलेल्या ‘टॉर्कफ्लाइट’ घराण्यातला हा वारस दणकट आहे, पण त्याचा शत्रू उष्णता.

ही उष्णता प्रामुख्याने पायाच्या क्लचच्या जागी असलेल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तयार होते. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याचे काम ऑइल करते. इंजिनाकडची पाती ऑइल फेकतात, गिअरबॉक्सकडची पाती त्या माऱ्याने फिरतात. दोन्हींच्या वेगात जेवढा फरक, तेवढी शक्ती चाकांऐवजी ऑइल तापवण्यात जाते. सपाट रस्त्यावर वेग धरला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जखडतो आणि ऑइल निवते. वजन घेऊन हळू चढताना, ट्रेलर मागे घेताना किंवा रहदारीत सरकताना मात्र क्लच सुटलेला असतो आणि तापमान झपाट्याने चढते.

ऑइल साधारण 175 ते 200 अंश फॅरनहाइटला, म्हणजे 80 ते 93 सेल्सिअसला, सुखात असते. मेकॅनिकांचा जुना आडाखा असा की 175 च्या वर दर 20 अंशांमागे ऑइलचे आयुष्य निम्मे होते. 240 च्या आसपास आतल्या भागांवर चिकट थर धरू लागतो, 260 ला सील कडक होऊ लागतात, 295 च्या पुढे क्लचच्या प्लेटा घसरून जळतात. लाल ऑइल तपकिरी होऊन त्याला करपट वास येतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. इशाऱ्याचा दिवाही हद्द ओलांडल्यावरच लागतो. काटा त्याआधी बोलतो, आणि म्हणूनच तो हवा.

गेज घेणे सोपे. 52 मिलिमीटर व्यासाची तबकडी काचेलगतच्या खांबावरच्या खोबणीत बसते. खरा प्रश्न तापमान मोजून गेजला कळवणारा सेंडर कुठे बसवायचा हा, कारण काट्याने दाखवलेल्या आकड्याचा अर्थ त्या जागेवरून ठरतो. जागा तीन. ऑइलच्या चेंबरमध्ये बसवला तर सगळ्या साठ्याचे स्थिर तापमान कळते. वर दिलेले आकडे याच मापाने वाचावेत. केसवरच्या दाब तपासण्याच्या छिद्रात 1/8 इंचाचे निमुळते आटे असतात. तिथे सेंडर चटकन बसतो, पण ऑइल खेळते नसेल तर काटा मागे राहतो. तिसरी जागा म्हणजे कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणारी नळी. इथले ऑइल सर्वांत गरम. चढावर काटा काही क्षणांत चेंबरपेक्षा 50 अंश किंवा अधिक वर जातो आणि लॉक-अप लागताच खाली येतो. ही जागा लवकर सावध करते, पण तिचा आकडा चेंबरचा समजून घाबरू नये. एकच गेज लावायचे तर मी चेंबरच निवडीन, कारण ऑइलचे आणि सीलचे आयुष्य त्या साठ्याच्या तापमानावर ठरते.

47आरईच्या मूळ चेंबरला ड्रेन बोल्ट नाही. त्यामुळे चेंबर हळूहळू एका कोपऱ्याकडे झुकवत ऑइल काढावे लागते, आणि खाली पसरट परात ठेवलेली बरी. सेंडरची जागा तयार असलेले जाड अ‍ॅल्युमिनियमचे चेंबर बाजारात मिळते. जुन्यालाच आटे असलेला तुकडा वेल्ड करायचा असेल, तर आत फिल्टर किंवा व्हॉल्व्ह बॉडी आड येत नाही ना, हे आधी मोजावे. चेंबर उतरलेच आहे तर फिल्टर बदलावा आणि आतला बँड नीट जुळवून घ्यावा.

वायरिंगच्या आधी बॅटरीची ऋण बाजू सोडवावी. या ट्रकला बॅटऱ्या दोन असतात, तेव्हा दोन्हींची. एका वायरचा सेंडर स्वतःच्या अंगातूनच अर्थिंग घेतो. त्यामुळे आट्यांवर टेप गुंडाळून तो मार्ग तोडू नये. पहिला आटा सोडून सीलंटचा पातळ हात पुरे. अ‍ॅल्युमिनियममध्ये जोर करून पान्हा फिरवला तर आटे जातात. वायर सायलेन्सरपासून आणि फिरत्या शाफ्टपासून दूर बांधावी, पत्र्यातून आत घेताना रबरी ग्रोमेट लावावे, आणि चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या सर्किटवरून फ्यूजसह जोड द्यावा.

ऑइल भरल्यावर इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून, न्यूट्रलमध्ये पातळी पाहावी. या गिअरबॉक्सचे एक वैशिष्ट्य पक्के ध्यानात ठेवावे: पार्कमध्ये कन्व्हर्टर आणि कूलरकडे ऑइल फिरत नाही. चढावर तापलेला ट्रक बाजूला घेऊन पार्कमध्ये घुमवत ठेवला तर ऑइल निवत नाही. पार्किंग ब्रेक लावून, चाकांखाली ठोकळे ठेवून, न्यूट्रलमध्ये इंजिन थोडे चढ्या वेगाने चालवावे. मग काटा उतरताना दिसतो.

चेंबरचा काटा 220 ला गेला की खालचा गिअर घ्यावा आणि लॉक-अप लागेल असा वेग धरावा. 240 ला थांबावे. सपाटीवर रिकाम्या ट्रकलाही काटा रोजच्यापेक्षा वर दिसू लागला, तर कूलर तुंबला आहे का, ऑइल कमी आहे का किंवा लॉक-अप लागत नाही का, हे पाहावे.

गेज ट्रान्समिशन थंड करत नाही. ते काम कूलरचे. गेज चालकाला वेळ देते. ट्रेलर ओढणाऱ्या ऑटोमॅटिक ट्रकवर ताकद वाढवणारे काहीही चढवण्याआधी हे गेज बसवा, आणि पहिले काही दिवस रिकाम्या गाडीत तुमच्या ट्रकचा नेहमीचा आकडा कोणता, हे लिहून ठेवा.