सगळ्यांना एकदम बसता येईल असा स्वयंपाक

शनिवार-रविवारी रात्रीच्या जेवणाला काहीतरी वेगळे करायची पद्धत आता आपल्या बहुतेक घरांत रुळली आहे. मुले शाळा-कॉलेजात सगळ्या प्रांतांच्या मुलांबरोबर डबा खातात, मोबाईलवर पाककृती बघतात आणि घरी येऊन डोसा, छोले-भटुरे, मोमो मागतात. चांगलीच गोष्ट आहे. एकच पीठ, एकच डाळ वर्षभर खाण्यापेक्षा धान्य-कडधान्य बदलत राहिले तर शरीराला वेगवेगळी जीवनसत्त्वे आणि क्षार मिळतात. शिवाय गाडीवरच्या पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलापेक्षा घरचे केव्हाही बरे. पण या वेगळ्या जेवणाची एक बाजू राहून जाते, आणि ती आरोग्याचीच आहे.

डोसाच घ्या. घरात पाच माणसे असली की पंधरा तरी डोसे लागतात. एक तव्यावर, एक ताटात. खाणारे बसलेले, करणारी उभी. आधी मुलांचे, मग पुरुषांचे, मग सासूबाईंचे. तिची पाळी येते तेव्हा सांबारातल्या शेंगा आणि भोपळ्याच्या फोडी संपलेल्या असतात, तळाशी पाणी उरलेले असते आणि चटणी भांड्याच्या कडेला लागलेली असते. पुऱ्या, भटुरे, पराठे, गरम फुलके यांचेही तेच. मटणाच्या दिवशी तर विचारूच नका. नळी आणि चांगल्या फोडी पुरुषांच्या व मुलांच्या ताटात, करणारीच्या वाट्याला रस्सा आणि एखादे हाड. कोणी मुद्दाम करत नाही. वाढताना हात आपोआप तसा चालतो आणि वाढणारी तीच असते.

याचा रक्ताशी संबंध आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. त्याच वयाच्या पुरुषांत ते देशभरात २५ टक्के. मासिक पाळी, बाळंतपणे, पोटातले जंत ही कारणे त्यात आहेतच. सगळा दोष शेवटी जेवण्याला देता येणार नाही. पण भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि स्त्रीला २९. म्हणजे जिची गरज दीडपट, तिला उरलेसुरले. कोण कोणाच्या पंगतीला बसणार याचा हिशेब आपल्या आज्या-पणज्यांनी गावात सोसला. तोच हिशेब आपल्या घरात चुलीपाशी चालू ठेवायचे आपल्याला काही कारण नाही.

म्हणून वेगळे काही करायचे ठरवताना आम्ही एक कसोटी सुचवतो. पदार्थ शिजवून, भांडे मध्ये ठेवून, गॅस बंद करून सगळ्यांना एकदम बसता येते का? येत असेल तर तो रोजच्या यादीत घ्यावा. नसेल तर सणावाराला ठेवावा, किंवा तव्यापाशी पाळीपाळीने उभे राहावे. मुलगा, नवरा, दीर, सगळ्यांना उलथणे धरता येते.

या कसोटीवर सगळ्यात चांगला उतरतो तो दूरच्या इथिओपियाचा पदार्थ, इंजेरा. टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ काही दिवस आंबवून मोठ्या तव्यावर एकाच बाजूने भाजलेले हे जाळीदार, आंबूस धिरडे. आपल्या आंबोळीचे मोठे भावंड म्हणा. टेफ पिकत नाही तिथे ते ज्वारीचेही करतात. मुख्य गोष्ट अशी की इंजेरा गरम गरम वाढायचा नसतो. एकदम करून, थंड करून, चवड रचून ठेवतात आणि दोन-तीन दिवस खातात. जेवताना एका मोठ्या ताटात तो पसरतात, त्यावर मसुरीची तिखट डाळ आणि भाज्यांचे ढीग घालतात आणि घरातले सगळे त्याच ताटाभोवती बसतात. एकमेकांना हाताने घास भरवण्याला तिथे ‘गुर्शा’ म्हणतात. आपल्याकडे हे करायचे तर ज्वारीच्या पिठात थोडे उडदाचे वाटण घालून रात्रभर आंबवावे, संध्याकाळी घावन घालून ठेवावेत आणि मसूर, पालेभाजी व कांदा-टोमॅटोची कोशिंबीर मध्ये मांडावी. आंबवल्यामुळे धान्यातील फायटेट हे लोह अडवून धरणारे द्रव्य कमी होते, हा जास्तीचा लाभ.

खरे म्हणजे सोलापूरकडची कडक भाकरीही याच शहाणपणाची आहे. आधी करून ठेवायची आणि जेवताना कुस्करायची. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडलीच पाहिजे, असा हट्ट नंतरचा असावा.

राजमा-भात पंजाब-जम्मूकडचा. एका कुकरमध्ये राजमा, दुसऱ्यात भात, काम संपले. राजमा बाहेरूनच आणायला हवा असे नाही. साताऱ्याच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा त्याच जातीचा आहे आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. मात्र एक खबरदारी जरूर घ्यावी. राजम्यात कच्चेपणी एक विषारी प्रथिन असते. चार-पाच अर्धकच्चे दाणेही उलट्या-जुलाबाला पुरतात. आठ-दहा तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात, कुकरमध्ये, बोटाने चिरडेल इतका शिजवावा. मंद आचेवर नुसता कोमट-गरम ठेवलेला राजमा जास्त धोक्याचा.

बिहारची लिट्टी मुलांना आवडते. फुटाण्याचे पीठ म्हणजे सत्तू. त्यात कांदा, लसूण, ओवा, लिंबू आणि थोडे मोहरीचे तेल घालून ते सारण कणकेच्या गोळ्यात भरायचे आणि भाजायचे. तिकडे गोवऱ्यांवर भाजतात, आपण आप्पेपात्रात झाकण ठेवून भाजू शकतो. बरोबरचा चोखा हे आपले वांग्याचे भरीतच, त्यात भाजलेला टोमॅटो आणि उकडलेला बटाटा. सगळ्या लिट्ट्या झाल्यावर टोपली मध्ये ठेवायची. इडलीचेही तसेच, दोन घाण्यांत घराची सोय होते. डोसा हवाच असेल तर त्याच पिठाची इडली करा म्हणून मुलांना समजवावे; ऐकतीलच असे नाही.

नूडल्ससाठी हट्ट असेल तर तिबेटी थेंथुक करून पाहावे. गोंदिया जिल्ह्यात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. विदर्भातल्या वाचकांना हे शेजारचे जेवण आहे. कणकेच्या पट्ट्या लाटून त्यांचे हाताने तुकडे तोडत उकळत्या सूपमध्ये टाकायचे. त्यात मुळा, पालक, गाजर आणि असतील तर मटणाचे तुकडे. म्हणजे जवळपास आपल्या चकोल्याच, फक्त वरणाच्या जागी सूप. मैद्याच्या पाकिटापेक्षा हे कितीतरी बरे. सोया सॉस मात्र थेंबानेच घालावा. त्याच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून जास्त मीठ असते आणि जागतिक आरोग्य संघटनेने माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आतच मीठ सांगितले आहे. घरात रक्तदाबाचे कोणी असेल तर त्या दिवशी पापड-लोणचे नको.

वेगवेगळ्या प्रांतांची चव घेताना आपल्या स्वतःच्या खाण्याकडे कमीपणाने बघू नये. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित समाजाचे खाणे नोंदवून ठेवले आहे. ते नव्या पिढीने जरूर वाचावे. काळीज आणि रक्ती यांत लोह भरपूर असते आणि मांसातले लोह भाजीतल्या लोहापेक्षा शरीरात सहज शोषले जाते. त्यामुळे मांसाहारी घरात त्या पदार्थांचा योग्य वाटा पाळी येणाऱ्या मुलीला आणि तिच्या आईला आधी मिळायला हवा. गरोदरपणात मात्र काळीज वरचेवर खाऊ नये, त्यात अ जीवनसत्त्व फार असते. शाकाहारी ताटात लिंबू पिळावे, कच्चा टोमॅटो किंवा पेरू असावा. क जीवनसत्त्वामुळे डाळीतले आणि पाल्यातले लोह चांगले शोषले जाते. आणि जेवण झाल्या झाल्या चहा टाकण्याची सवय सोडावी. चहातले टॅनिन लोह अडवते. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी.

मधुमेह असलेल्यांनी राजमा-भातात भात थोडा आणि राजमा जास्त घ्यावा. आधी कोशिंबीर-भाजी, मग डाळ, शेवटी भात, या क्रमाने खाल्ले तर साखर एकदम चढत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी कडधान्यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

जेवण सुधारले तरी थकवा, धाप, चक्कर, डोळ्यांच्या आतला फिकटपणा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. प्रौढ स्त्रीत ते १२ ग्रॅमच्या आणि गरोदर स्त्रीत ११ ग्रॅमच्या खाली असले तर रक्त कमी आहे असे समजतात. तेवढी तूट ताटातून भरून निघायला फार वेळ लागतो; गोळ्या लागतात. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नये. शौचाला काळे होते त्याला घाबरून ती बंद करू नये.

विदर्भातल्या वाचकांना वेगळे सांगायला हवे. सिकलसेल हा आनुवंशिक आजार तिथे आदिवासींप्रमाणेच आपल्या समाजातही आढळतो. त्यात रक्त कमी होते ते बहुधा लोह कमी पडल्यामुळे नव्हे. अशा रुग्णाने डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. गरजेपेक्षा जास्त लोह शरीरात साठते. सांधे दुखणे, वारंवार कावीळ, लहानपणापासून फिकटपणा असे काही घरात असेल तर हिमोग्लोबिनबरोबर सिकलसेलची तपासणीही मागून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती होते. लग्न ठरवण्याआधी मुला-मुलीची ही तपासणी झालेली असावी.