लेकरांचा डॉक्टर कसा घडतो?

बारावीचा निकाल लागला की पुष्कळ घरांत एकच बोलणे सुरू होते, "पोराला डॉक्टर करायचे." त्यातही मुलांचा डॉक्टर, म्हणजे बालरोगतज्ज्ञ, व्हायचे तर वाट लांबची आहे. आधी 'नीट' ही प्रवेश परीक्षा. मग एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे व १ वर्ष इंटर्नशिप. पुढे बालरोगशास्त्रात एम.डी.ची ३ वर्षे किंवा पदविकेची २ वर्षे. म्हणजे बारावीनंतर निदान साडेसात ते साडेआठ वर्षे. आपल्या बऱ्हाणपूरला जवळ असे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०१८ पासून खंडव्याला आहे.

इतकी वर्षे कशासाठी? मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे. त्याचे औषध वजनावर मोजून द्यावे लागते. कुठे दुखते ते त्याला सांगता येत नाही. म्हणून डॉक्टरला दोन गोष्टी शिकाव्या लागतात : आईचे बोलणे मन लावून ऐकणे, आणि बाळाकडे नीट पाहणे.

या दुसऱ्या गोष्टीचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. देडतलाईहून धारणीकडे गेले की मेळघाट लागतो. तिथल्या बैरागड गावी डॉ. रवींद्र कोल्हे १९८० च्या दशकात राहायला गेले. ते पदवीने बालरोगतज्ज्ञ नव्हेत, नागपूरचे एम.बी.बी.एस. पण रानातल्या गावात पहिला डॉक्टर तोच मुलांचाही डॉक्टर. जाण्यापूर्वी सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजूंनी त्यांना बजावले, की सोनोग्राफी नसताना बाळंतपण, एक्स-रे नसताना न्यूमोनियाचे निदान आणि हगवणीवर उपचार, एवढे यायलाच हवे. हे शिकूनच ते तिथे गेले. तपासणीची फी पहिल्या वेळी २ रुपये, नंतर १ रुपया.

पुढे ज्ञान अपुरे पडते असे दिसताच त्यांनी सामाजिक वैद्यकशास्त्रात एम.डी. केले. मुले का दगावतात, याचा शोध घेताना त्यांना दिसले की न्यूमोनिया व हगवण यांच्यामागे भूक उभी आहे. पावसाळ्यात हाताला काम नाही, घरात धान्य नाही. गावकरी पिकांची व गुराढोरांची दुखणीही त्यांच्याकडेच आणू लागले. तेव्हा डॉक्टर व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे शेतीत उतरले. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. ज्याच्या शेतात पिकते त्याचे पोर तगते, हे दवाखान्यात बसून कळले नसते.

तेव्हा मुलाला डॉक्टर करू पाहणाऱ्या आईबापांनी गुणांबरोबर हेही पाहावे : त्याला रडणाऱ्या लेकराचा कंटाळा येतो का? गरीब बाईचे म्हणणे तो पुरते ऐकून घेतो का? बाकीचे महाविद्यालय शिकवील.

आणि डॉक्टर लांब असेल तेव्हा घरच्यांनी एवढे तरी जाणावे :

१. बाळ शांत असताना पूर्ण १ मिनिट श्वास मोजा. २ महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षे ४० किंवा अधिक श्वास भरले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

२. हगवण लागताच जलसंजीवनी पाजा. अंगावरचे दूध बंद करू नका. झिंक डॉक्टर सांगतील त्या मापाने, पूर्ण १४ दिवस द्या. हगवण थांबली म्हणून मध्येच सोडू नका.

३. श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, दूध न पिणे, झटके येणे, सुस्त पडणे यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट मोठे इस्पितळ गाठा.

४. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा. वजन वाढत नसेल तर ते दुखण्याचे पहिले लक्षण समजा.

५. सुई टोचणाऱ्याला त्याची पदवी विचारायला लाजू नका. बी-बियाणे घेताना आपण चार दुकाने पाहतो; लेकराच्या बाबतीत निदान एक प्रश्न तरी विचारावा.